मी हात केला आणि रस्ता वळला

सांगते, सगळं सांगते. पण मध्येच हसायचं नाही, एवढं कबूल करा. शेवटी हसा, सगळे मिळून हसा, मला काही वाटत नाही. माहेरी हसून झालंय, सासरी हसून झालंय, आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये अनोळखी लोकसुद्धा हसून गेलेत.

सुरुवात माझ्या दिरापासून झाली. आमच्या घरात भानगडी बहुतेक तिथूनच सुरू होतात.

प्रशांत, म्हणजे माझा धाकटा दीर, पुनावळ्याला राहतो, आयटीत आहे. त्यानं एक मोटरसायकल घेतली. एवढी अवजड, की स्टँडवरून काढताना तो आधी इकडंतिकडं बघून घेतो, कुणी बघत नाही ना! त्या रविवारी तो आमच्याकडे निगडीला नाश्त्याला आला, तो कसा? जाड जॅकेट, गुडघ्यांना ढाली, हातात मोजे, पोटरीपर्यंत बूट. मी दार उघडलं आणि म्हटलं, "पेस्ट कंट्रोल उद्या आहे हो."

"वहिनी, मी आहे!"

आता नाश्त्याला का बोलावलं होतं, ते आधी ऐका, कारण सगळा जीव तिथं अडकलाय. आमचे हे चाकणला एका कंपनीत होते. ती लाइनच बंद झाली आणि यांना घरी बसवलं. दोन महिने नुसते खिडकीत. मग एक दिवस उठून म्हणाले, "मी मिसळीचं हॉटेल टाकतो." तळवड्याच्या पुढं, महाळुंग्याच्या रस्त्याला पत्र्याची एक शेड घेतली. दुपारी शिफ्ट बदलते तेव्हा तिथून दुचाक्यांचा नुसता पूर वाहतो. दुसऱ्या शिफ्टचा माणूस जाताना खाईल, पहिल्या शिफ्टचा येताना खाईल, असा हिशेब. सोमवारी उद्घाटन, आणि रविवारी घरी मिसळीची रंगीत तालीम.

मिसळ झकास झाली होती, खोटं नाही सांगत. पण आमच्या यांचा स्वभाव असा की माणूस गुणी, खचायला मात्र वेळ लागत नाही. कढईत बघत म्हणाले, "पहिल्या दिवशी कुणी फिरकलं नाही ना, तर मी पाटी उतरवणार. आणि तुझ्या भावाच्या गोडाऊनवर वॉचमनकी पत्करणार."

माझ्या भावाच्या! लग्नाला एवढी वर्षं झाली, या माणसानं माझ्या भावाकडनं साधी छत्री घेतली नाही. म्हणजे पाणी किती खोल गेलं होतं बघा.

"काही होत नाही," मी म्हटलं. "मी आणते गिऱ्हाईक."

"मी पण आणतो," प्रशांत म्हणाला. "आमचा सगळा रायडर ग्रुप घेऊन येतो. आज येताना वाटेत किती रायडर भेटले माहितीये? सगळ्यांनी हात केला."

"ओळखीचे होते?"

"छे हो! तीच तर मजा आहे. रायडर रायडरला हात करतो. जगभर पद्धत आहे. डावा हात सोडायचा असा, दोन बोटं काढायची. ब्रदरहूड असतं ते."

"मग मला कसा कधी कुणी केला नाही? मी रोज निगडी ते चाकण जाऊन येते." मी चाकणला पॅकिंगमध्ये सुपरवायझर आहे, आणि माझी स्कूटर खड्ड्यांची नावं पाठ म्हणून दाखवेल एवढी त्या रस्त्यानं फिरलीय.

तो हसला. हसला म्हणजे कसा, लहान मुलानं चंद्र मागितला की मोठी माणसं हसतात तसा. "स्कूटरला नसतं ते, वहिनी."

"का? तिला दोन चाकं नसतात?"

"तसं नाही हो. स्कूटर म्हणजे... भाजी आणायला."

मग त्यानं सगळी रीत समजावली. मोठ्या इंजिनवाल्यानं मोठ्या इंजिनवाल्याला हात करायचा. छोट्यानं आधी केला, तर मोठ्यानं मान हलवायची. दूधवाल्याच्या मोटरसायकलला करायचा नाही, ती गाडी मोठी असली तरी. स्कूटरला तर नाहीच. आणि बॅटरीवरच्या स्कूटरबद्दल म्हणाला, "तो विषयच काढू नका."

आमचे सासरे, आप्पा, कोपऱ्यात शेव निवडून खात होते. ते रस्त्यानं चालताना ओळखीचा-अनोळखी बघत नाहीत, समोर येईल त्याला जयभीम घालतात, आणि लोकही घालतात. आप्पा म्हणाले, "आम्ही उभं आयुष्य उतरंड मोडण्यात घातलं. आणि ह्या गाढवानं चाकांची नवी लावली!"

तिथंच माझ्या डोक्यात किडा वळवळला. स्कूटरला नसतं काय? बघतेच!

तासाभरानं मी पाव सांगायला बाहेर पडले आणि तेव्हापासूनच सुरू केलं. समोरून स्कूटर आली की हात. काय होतं सांगू? पहिल्यानं खाली वाकून स्टँड बघितलं. दुसऱ्यानं लाइट बघितला. एका मुलीनं घाबरून ओढणी गोळा केली. एक गृहस्थ मागं वळून बघायला लागले, मागची बायको आहे का पडली! ती होती. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मीच पुढं पळाले.

एक काका तर वळून माझ्या मागं आले. स्कूटर आडवी घातली. "माफ करा, ओळखलं नाही. बार्शीच्या का तुम्ही?"

"नाही हो, सहज हात केला."

"सहज?" काका चिडलेच. "सहज कशाला करायचा? मी घाबरलो ना!"

शहाण्या बाईनं इथंच थांबायला पाहिजे होतं. पण माझं कसंय, मला कुणी "नसतं" म्हटलं की मी थांबत नाही.

सोमवारी मी रजा टाकली. हे पहाटेपासून कटाला बसलेले. नवा एप्रन, केसाला तेल, शेडला झेंडूचं तोरण. आप्पा गल्ल्यावर. दुपार झाली, शिफ्टची वेळ जवळ आली, आणि यांचा चेहरा उतरायला लागला. दर मिनिटाला रस्त्यावर येऊन बघायचे. "कुणी थांबेना गं."

"अहो, त्यांना माहीत कुठाय इथं हॉटेल निघालंय ते! थांबा, मी सांगून येते."

स्कार्फ गुंडाळला, निळा. डोळे सोडून सगळं झाकलं, आपल्याकडच्या बायका गुंडाळतात तसं. स्कूटर काढली आणि तळवड्याच्या दिशेनं निघाले. समोरून दुसऱ्या शिफ्टची सगळी फौज येत होती. ओरडून सांगायचं तर कुणाला ऐकू येणार? मग मी काय केलं, प्रशांतची पद्धत घेतली आणि तिच्यात आपली अक्कल घातली.

डावा हात वर करून तळवा खाली दाबला. म्हणजे, हळू या, घाई नको. मग अंगठा मागं दाखवला. म्हणजे, मागं आमचं हॉटेल आहे. मग हात तोंडाशी नेला. म्हणजे, खायला या! आणि स्कार्फ सारखा सुटत होता म्हणून मधूनमधून डोक्यावर हात मारून तो बसवत होते. एका हातानं गाडी, दुसऱ्या हातानं मूकनाट्य.

आणि काय सांगू तुम्हाला, लोकांनी काय प्रतिसाद दिला! स्टँड कुणी बघितलं नाही. लाइट कुणी बघितला नाही. प्रत्येक जण हात करतोय! कुणी अंगठा दाखवतोय, कुणी छातीला हात लावतोय. एक जण ओरडला, "थँक्यू ताई, वाचवलंत!" मला वाटलं, बिचारा फार भुकेला असेल. एका स्कूटरवर तिघं होते, तिघांनी हात जोडले. आणि एक मोठ्ठी मोटरसायकल आली, धडधडत, प्रशांतसारखीच. त्यानं दोन बोटं कपाळाला लावली. मला! स्कूटरवालीला! डोळ्यात पाणी आलं हो माझ्या. म्हटलं, आप्पा, मोडली बरं का उतरंड.

एक मात्र होतं. हात करून झाला की लोक गाडी वळवत होते आणि आले तसे परत जात होते. एक वळला, दोन वळले, मग घोळकेच्या घोळके वळायला लागले. मला वाटलं, मित्रांना बोलवायला निघाले! इतकी मी शहाणी.

तळवड्याच्या चौकापर्यंत गेले आणि परत फिरले. रस्ता मोकळा. मी खूश! म्हटलं, सगळे पोचले वाटतं हॉटेलवर. बसायला जागा तरी उरली असेल का? पाव पुरतील का? या विचारात स्कूटर पिळत आले.

हॉटेलवर आमचे हे होते, हातात पळी. गल्ल्यावर आप्पा. आणि एक कुत्रं, तेही झोपलेलं.

"गिऱ्हाईक?" मी विचारलं.

"रस्त्यावर माणूसच नाही गं," हे म्हणाले. आवाज असा, की मला कसंतरीच झालं. "सगळी गर्दी कुठं गेली कळत नाही. आपलं नशीबच..." आणि तोरणाकडं बघायला लागले. मला कळलं, यांची नजर तोरणावर नाहीये, वरच्या पाटीवर आहे.

तेवढ्यात माझा फोन वाजला. प्रशांत.

"वहिनी, सॉरी हं. आम्ही चिखलीवरनंच परत फिरलो. तुमच्या रोडला जबरदस्त नाकाबंदी लागलीये."

"मग? तुम्ही सगळे हेल्मेटवाले, तुम्हाला कसली भीती?"

"ते... आम्ही सायलेन्सर जरा बदललेत."

"आणि कळलं कुठून तुम्हाला?"

"ग्रुपवर फिरतंय ना, कंपन्यांच्यासुद्धा! सुटलेली पहिली शिफ्टही मोशीकडनं निघालीये. एक बाई आहे म्हणे, स्कूटरवर, निळा स्कार्फ. सगळ्यांना सावध करत सुटलीये. हळू व्हा, मागं मामा उभे आहेत, हेल्मेट बघतायत, तोंडात नळी देऊन फुंकायला लावतायत. एवढं सगळं हातानं सांगतेय! सगळे म्हणतायत, खरी रायडर ती. वहिनी? ऐकताय ना?"

मी खाली बसले. कुत्र्याच्या शेजारी.

म्हणजे ज्याला ज्याला मी "या" म्हटलं, त्याला त्याला मी हाकललं होतं. नवऱ्याचं पहिल्या दिवसाचं गिऱ्हाईक, एक-एक करून, स्वतःच्या हातानं! आता हे यांना कसं सांगायचं? तोंड उघडणार, एवढ्यात दारात पोलिसांची जीप थांबली.

एक हवालदार उतरले. मिशा दणदणीत, बोलणं मावळातलं. "आरं, हाय का कुनी? हितं झालंय तरी काय? रस्ता असा ओस का पडलाय?"

"साहेब, नाकाबंदी तुम्हीच लावलीत ना?" आप्पा म्हणाले.

"आमी? आमचा पॉइंट मोशीला हाय! तासभर झाला, बिगरहेल्मेटवाल्यांची निस्ती जत्रा तिकडं यायला लागलीया. पावत्या फाडून मशीन तापलं. जो तो म्हनतोय, तळवड्याला एका बाईनं सांगितलं म्हनून हिकडनं आलो. शिव्या घालत्यात तिला. म्हनलं, बघून तरी यावं कोन हाय. निळा स्कार्फ हाय म्हनं."

मी लगबगीनं कामाला लागले. पण आमचे हे! आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत, त्यात भोळे. कौतुकानं म्हणाले, "निळा का? आमच्या हिचा पण निळाच आहे."

तेव्हा मी त्याच स्कार्फनं टेबल पुसत होते.

हवालदारांनी एकदा स्कार्फकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "काय वैनी? खबर देत व्हता व्हय?"

"नाही हो साहेब! नमस्कार करत होते."

"कुनाला?"

"सगळ्यांना."

"वळखीचं व्हतं?"

"एकही नाही."

हवालदार मटकन बाकावर बसले. एवढी वर्षं रस्त्यावर काढली असतील त्यांनी, असला जबाब ऐकला नसेल. "वैनी, आवं, रस्त्यावर हात म्हंजी नमस्कार नसतो. खबर असती ती. शेंबडं पोर सांगंल. आन् तुमचं हेल्मेट कुटंय?"

हेल्मेट डिकीत होतं. मी काढून दाखवलं. त्यात लिंबं होती. पिशवी सापडली नाही म्हणून भरून आणली होती, मिसळीवर पिळायला.

पावती झाली. मशीन अजून गरमच होतं. आमच्या हॉटेलात त्या दिवशी पहिला व्यवहार झाला तो हा, आणि तोही उलट्या बाजूनं.

मग हवालदारांनी हवेत नाक फिरवलं. "वास लई भारी येतोय. काय केलंया?"

यांनी मिसळ वाढली. हवालदारांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. दुसऱ्या घासाला टोपी काढून ठेवली. तिसऱ्याला जीपमधल्या लोकांना हाक मारली, आणि मग मोशीला फोन लावून उरलेल्यांना. पैसे चोख दिले हं, उगाच कुणाला नावं ठेवायची नाहीत. संध्याकाळपर्यंत कढई रिकामी! हे असे फुलले होते, मला म्हणाले, "बघ, म्हटलं नव्हतं मी? चालणार म्हणून!" पाटी उतरवायची गोष्ट कोण करत होतं, ते मी काढलं नाही.

झालं, गोड झालं, असं वाटलं ना? मलाही वाटलं. दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर नाकाबंदी आमच्या दारात! "साहेबांस्नी सांगून पॉइंटच हलिवला," हवालदार म्हणाले. "हितं सावली बी हाय आन् मिसळ बी."

आता दारात सात-आठ पोलीस उभे असल्यावर दुचाकीवाला थांबतोय कशाला? लांबूनच वळायला लागले. शेवटी मी हवालदारांना हात जोडले. "साहेब, पॉइंट थोडा पुढं घ्या ना."

ते विचारात पडले. "वैनी, त्ये मालकांच्या हातात हाय. मिसळ बिघडवा म्हनावं. एक दीस बी थांबनार न्हाई आमी."

आणि हे ऐकतील? "साहेब लोक रोज येतात!" म्हणून कॉलर ताठ. पण मला दिसत होतं. पोलीस खाऊन खाऊन किती खाणार? तिसऱ्या आठवड्यात कढई अर्धी उरायला लागली, आणि हे पुन्हा खिडकी शोधायला लागले. शेडला खिडकी नाही म्हणून बरं.

आणि मग परवा, मला सुट्टी होती, मी घरीच, तर शिफ्टच्या वेळेला यांचा फोन! आवाज नुसता उड्या मारत होता. "अगं, आज पॉइंट नाही, पोलीस नाहीत, आणि गर्दी बघ! लोक उभं राहून खातायत! पाव संपत आलेत. निगडीच्या बेकरीतून लाद्या घे आणि उडत ये!"

कशी निघाले असेन मी! पायाशी पावांच्या लाद्या, हेल्मेट डोक्यावर, लायसन जवळ, पीयूसी ताजी, इन्शुरन्स चालू. आता माझ्याइतका कायदेशीर माणूस त्या रस्त्याला नाही. तळवडं ओलांडलं. हॉटेल आता येणारच, एवढ्यात समोरून एक स्कूटरवाला आला. त्यानं मला बघितलं, आणि हात वर केला. तळवा खाली दाबला. अंगठा मागं दाखवला. हात तोंडाशी नेला.

आणि मी?

अहो, माझ्याजवळ सगळे कागद होते! त्या रस्त्याचे सगळे पोलीस मला वैनी म्हणतात! तरी हातानं ऐकलं नाही हो. गर्रकन स्कूटर वळली आणि मी चिखलीवरून मोशीला!

मोशीच्या चौकात कोण उभं? आमचेच हवालदार. "वैनी, हिकडं कुटं? हाटेल तिकडं ऱ्हायलं की!"

"तिकडं पोलीस आहेत," मी म्हटलं.

"पोलीस? आवं, पॉइंट आज परत मोशीला आनलाय, आमी समदी हितं हाय!"

कपाळाला हात लावला आणि सुसाट निघाले. पोचले तेव्हा शिफ्ट लागून गेली होती. शेड रिकामी. कढईत कट, ताटात शेव, आणि पावाचा तुकडा नाही. लोक वाट बघून बघून उठून गेले होते. हे बाकावर बसलेले, पळी मांडीवर.

"कुठं होतीस गं?"

"वाटेत एका स्कूटरवाल्यानं खूण केली हो, मागं पोलीस आहेत म्हणून..."

"कसला होता? हिरवा शर्ट, पांढरी स्कूटर?"

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, आणि तेच जास्त लागलं. "अगं, तो आपल्याच इथनं जेवून निघाला होता. दोनदा मिसळ घेतली त्यानं. मी सांगितलं, आमची मिसेस पाव घेऊन येतेय, तिला स्कूटरवाल्यांना हात करायची भारी हौस. तर म्हणाला, वाटेत दिसल्या तर मी करतो की! सांगतो त्यांना, सावकाश या, मागं तुमच्या हॉटेलात मिसळ एक नंबर झालीये."